थांबा क्रमांक सात चालू आहे

मित्रांनो, मी विजेच्या मोटारींना वीज पाजणारा एक जुना खांब आहे. गेली दोन वर्षे मी चालू आहे. यातले पहिले वाक्य माझे, दुसरे कचेरीचे. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एकदा दोन माणसे सापडली. त्यांची आणि माझी ही हकिकत.

माझे वय नऊ. माणसांत हे पाढे पाठ करण्याचे वय, खांबांत पेन्शनीचे. एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे पातळ हातमोजे घातलेल्या बायका ओळीने बसत आणि गप्पा मारता मारता आमच्या पोटात तारा जोडत. माझी शेवटची तपासणी करणारीने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “जा बाबा, नाव काढ.” मी गेलो. नाव मात्र मला कोणी दिलेच नाही. आकडा दिला, सात.

माझी नेमणूक वाळवंटात झाली. रस्ता सरळ, इतका की त्याला वळणाची आठवणही नसावी. माझ्यामागे एकशेतीस किलोमीटरवर थांबा क्रमांक सहा. पुढे ऐंशी किलोमीटरवर थांबा क्रमांक आठ. मधे मी. शेजारी एक विश्रांतीगृह, ज्याला विश्रांतीच इतकी लागली की ते दुसऱ्या वर्षी कुलूप लावून झोपले. एक पाण्याची टाकी, जी आता नुसता आवाज साठवते. आणि फोनचा एक मनोरा. माझ्या डोक्यावर पत्र्याचे छप्पर आहे. दुपारी त्याची सावली पडते, पण तव्याखालच्या सावलीत किती गारवा असायचा?

उद्घाटनाच्या दिवशी एका पाहुण्यांनी मला ‘वाळवंटातील कल्पवृक्ष’ म्हटले. टाळ्या पडल्या. कल्पवृक्षाखाली बसून जे मनात आणावे ते खरे होते, असे जुने ग्रंथ सांगतात. माझ्याकडे लोक मैलोन्मैल एकच गोष्ट मनात धरून येत. ती पुढे सात वर्षे खरी झाली आणि नंतर झाली नाही. पाहुणे तोवर निवृत्त झाले होते.

पण ती सात वर्षे, मित्रांनो, मी खाल्ल्या विजेला जागलो. गाडी यायची, नळी लागायची, पोटातला पंखा घोंघावायचा आणि चाळीस मिनिटांत गाडी निघायची. या चाळीस मिनिटांत माणसांना करायला काही नसते. म्हणून ती बोलतात, भांडतात, मोठ्याने वाचतात. माझे सारे शिक्षण असे चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत झाले आहे. एका म्हाताऱ्या मास्तरांनी माझ्या छपराखाली नातीकडून क्रियापदे घोटून घेतली. “चालू वर्तमानकाळ म्हणजे काय गं?” “जे सुरू झालंय आणि संपलेलं नाही, ते.” तेव्हा मला ते फक्त व्याकरण वाटले होते.

मला सर्वांत आवडत ती नीट आखणी करून आलेली माणसे. गाडीच्या पुस्तकात ती किती किलोमीटर धावते ते छापलेले असते. तो आकडा पाहुण्यांना सांगितलेल्या मुलाच्या मार्कांसारखा असतो: खोटा नसतो, पण सर्वांत चांगल्या दिवसाचा असतो. जाणते लोक त्यातून ऊन वजा करत, समोरचा वारा वजा करत, गाडीतला गारवा वजा करत, गाडीचे वय वजा करत, आणि जे उरे त्यावर भरवसा ठेवत. वर पुन्हा एक प्रश्न विचारत: हा थांबा बंद निघाला तर? त्या प्रश्नाचा मला कधी राग आला नाही. ज्याला भूगोल कळतो तोच हा प्रश्न विचारतो.

माझी देखभाल एक वायरमन करत असे. सगळे त्याला ‘फ्यूज’ म्हणत, कारण तो पटकन उडे. दर महिन्याला तो यायचा, माझे खालचे दार उघडून जाळीतली वाळू ब्रशने झाडायचा आणि माझ्याशी बोलायचा. “काय सातोबा, पोट साफ आहे ना?” हे माझे एकमेव लाडाचे नाव. त्याने माझ्या दाराआड, स्वतःच्या सोयीसाठी, एक साधे सॉकेट बसवले होते. त्यावर तो तारांना डाग द्यायची सळई तापवायचा, आणि काम आटोपले की चहाची किटली. नियमात ते बसत नव्हते. पण त्या चहाचा वास माझ्या तारांना माणसाळवून जायचा.

सातव्या वर्षी वाळूच्या वादळात माझा पंखा गेला. पंखा तळहाताएवढा. पण तो फिरला नाही की माझे पोट तापते, आणि पोट तापले की मी वीज देणे थांबवतो. तशी माझी घडणच आहे. त्याच वादळात मनोराही आडवा झाला. म्हणजे मी बंद आहे हे कचेरीला आपोआप कळवणारे यंत्रही बंद पडले. आता कळवायचे तर माणसानेच.

फ्यूजने कळवले. गाडीच्या टपावर ठेवलेल्या उपग्रहाच्या फोनवर, मोठ्या आवाजात. पलीकडे कचेरीतल्या नोंदणीबाई होत्या. तो संवाद मला शब्दशः पाठ आहे. माझ्या आयुष्याचा निकाल त्यात लागला.

“थांबा क्रमांक सात. पंखा गेलाय. मी खोललाय, नवीन मागवायचाय. लिहून घ्या, काम चालू आहे.”

“वायरमन, माझ्याकडे दोनच रकाने आहेत. चालू आणि बंद.”

“मग बंद लिहा.”

“बंद लिहायला साहेबांची सही लागते, मोठ्या साहेबांची लागते, आणि कारणांचा खुलासा तीन प्रतींत. दोघंही दौऱ्यावर आहेत. शिवाय महिनाअखेर बंदचा आकडा वाढला की मलाच विचारतात, का वाढला म्हणून. जशी काही मीच जाऊन मोडते!”

“अहो बाई, पण यंत्र बंद आहे!”

“काम चालू आहे असं तुम्हीच म्हणालात ना?”

“काम चालू आहे. काम!”

“झालं तर मग. चालू.”

“बाई, तुम्ही यंत्रापेक्षा चालू आहात.”

“नोंद झाली हो. ठेवते.”

मित्रांनो, आपल्या भाषेत ‘चालू’ हा मोठा कामसू शब्द आहे. दिवा चालू असतो, शाळा चालू असते, दुरुस्ती चालू असते आणि माणूसही चालू असतो. हे चारही अर्थ वेगळे आहेत, हे शेंबड्या पोरालाही कळते. पण रकान्याला कळत नाही. त्या क्षणी प्रवाशांच्या फोनमधल्या नकाशावर माझ्या जागी एक हिरवा ठिपका उमटला, आणि मी मास्तरांच्या त्या चालू वर्तमानकाळात कायमचा अडकलो.

पुढचे सगळे तर्कशुद्ध होते. पंख्याची मागणी शेरा घेऊन परत आली: “यंत्र चालू असताना सुटा भाग कशासाठी?” मग, चालू यंत्राला दर महिन्याला वायरमन तरी कशाला, म्हणून फ्यूजची बदली झाली. जाण्यापूर्वी तो एकदा येऊन गेला. सॉकेट काढून नेईल असे मला वाटले. त्याने ते नुसते पुसले. मग एका पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिले, तो तारेने दाराच्या आत टांगला, दार लावले आणि माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. “सातोबा,” तो म्हणाला, आणि गेला. या साऱ्यात दुष्ट म्हणावा असा एकही माणूस नव्हता. दुष्ट माणूस असता तर निदान कोणाकडे तरी बोट दाखवता आले असते.

त्यानंतर माझ्याशी कोणी बोलले नाही. म्हणजे लोक येत; हिरवा ठिपका त्यांना आणत असे. कार्ड लावत, बटण दाबत, माझ्या आंधळ्या पडद्यावर टिचक्या मारत. मग शिव्या देत. बहुतेकांच्या गाडीत आठ नंबरला रखडत पोचण्याइतका दम असे. एक औषधविक्रेता होता; त्याने सात मिनिटे विनवण्या केल्या आणि आठव्या मिनिटाला माझ्या खालच्या दारावर अशी लाथ घातली की त्याची कडीच तुटली. पण राग ओसरल्यावर त्याने एक सज्जनपणा केला. खिशातून जाड काळे पेन काढून माझ्या छातीवर लिहिले: बंद.

किती बरे वाटले म्हणून सांगू! दोन अक्षरे, एक टिंब. दोन वर्षांत माझ्याविषयी उघड्यावर लिहिलेला एवढाच खरा मजकूर. वाऱ्याने वाळू मारून मारून तो पंधरा दिवसांत पुसून टाकला. कचेरीचा शब्द पुसायला मात्र वारा तिथवर पोचत नाही.

मग ती दोघे आली.

भर उन्हाळ्यातली दुपार होती, एक वाजायचा होता. या दिवसांत या रस्त्यावर चार-चार दिवस चाक फिरकत नाही. एक जुनी निळी मोटार आली आणि बहीण-भाऊ उतरले. बहीण सत्तरीची, गणिताची निवृत्त शिक्षिका. उंच, ताठ, छातीशी एक चौकटीची वही धरलेली. भाऊ एकसष्ट वर्षांचा, पण तिच्या तोंडी अजून ‘छोट्या’. तो नुकताच मोठ्या आजारातून उठला होता. सदरा खांद्यावरून खुंटीवर लोंबावा तसा लोंबत होता. दोघे भांडतच उतरली.

“मी म्हटलं होतं, सहा नंबरवर शंभर टक्के भरून घेऊ.”

“ऐंशीच्या पुढे ती गोगलगाय होते गं ताई! वीस टक्क्यांसाठी दीड तास बसायचं?”

“बसायचं. दोनशे दहा किलोमीटर आहेत आठपर्यंत. वारा समोरून. आपली गाडी म्हातारी. शंभर टक्क्यांत ती दोनशे तीस जाते, सत्तरच्या वेगाने. हे मी काल रात्री तुला तीनदा मांडून दाखवलं. सातवर विसंबायचंच नव्हतं.”

“सात चालू आहे. नोंद आहे.”

“मी फोन केला होता कचेरीत. बाई म्हणाल्या, काम चालू आहे. मी विचारलं, काम चालू आहे की थांबा? तर म्हणतात, दोन्ही एकच. म्हणून मी वहीत प्रश्नचिन्ह काढलं.”

“तुझी वही प्रश्नचिन्हांनीच भरलीय. आणि मागे ते केबलचं भेंडोळं घेतलंयस, दहा किलोचं लोढणं. घरचा साधा प्लग लावायला वाळवंटात काय घर आहे?”

एवढे बोलून त्याने माझ्यावर कार्ड टेकवले. मी काही केले नाही. त्याने पुन्हा टेकवले. पुसून टेकवले. शर्टावर घासून टेकवले. मग तो माझ्याकडे पाहत राहिला. तशा नजरेने माझ्याकडे कोणी कधी पाहिले नव्हते. तिच्यात राग नव्हता. ओशाळेपण होते, आणि ते माझ्या वतीने होते.

“पण नोंद आहे ना, ताई,” तो हळू म्हणाला. “नोंद खोटी कशी असेल?”

त्याच्या या भाबडेपणाला हसू नका, मित्रांनो. या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक हवामान केंद्र आहे. तिथे तो तीस वर्षे निरीक्षक होता. रोज सकाळी आठ वाजता तापमान, वारा, ढग पाहायचे आणि लिहायचे. ताप असताना लिहिले, सणावाराला लिहिले, वडील गेले त्या सकाळीही लिहिले. एकदा धुके होते आणि दूरचा टेकडा दिसला नाही, तर त्याने ‘दिसला नाही’ असे लिहिले. अंदाजाने ‘आहे’ असे लिहिले नाही. आता ते केंद्र बंद होणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शेवटची नोंद व्हायची होती, आणि ती त्याच्या हातून व्हावी म्हणून त्याला बोलावले होते. म्हणून ती घाई, म्हणून शंभरचा वेग, आणि म्हणून बॅटरीत आता अकरा टक्के. आयुष्यभर ज्याने स्वतः खोटी नोंद केली नाही, त्याच्या डोक्यात दुसऱ्याची नोंद खोटी असू शकते हे शिरणारच कुठून?

बहिणीने वही उघडली, उभ्या उभ्या गणित केले आणि मिटली. पुढे ऐंशी किलोमीटर; गाडीत जेमतेम पंचवीसची वीज. फोनला मनोरा नाही. सावली पत्र्याची. पाण्याच्या तीन बाटल्या. गाडीतला गारवा चालू ठेवला तर दोन तासांत बॅटरी रिकामी; आणि दुपार अजून पाच तासांची.

“गाडीत बस,” ती म्हणाली. “काचा लाव. गारवा मंद ठेव.”

“तू?”

“मी बघते.”

“काय बघतेस? खांब आहे तो, ताई. विहीर नाही.”

ती विश्रांतीगृहाचे कुलूप हलवून आली. टाकी वाजवून आली. रस्त्यावर दोन्ही बाजूंना किती तरी वेळ हात कपाळावर धरून पाहत राहिली. वाऱ्याशिवाय काही येत नव्हते. नऊ टक्के. आठ. सात. काचेआड भाऊ सुरुवातीला तिच्याकडे बघून तोंडे वाकडी करत होता, तिला हसवायला. मग तो डोके टेकून बसला. मग त्याने काच खाली केली आणि म्हणाला, “ताई, आज टेकडा दिसत नाहीये.” तिथे टेकडा नव्हताच. ते केंद्र अजून फार लांब होते.

ती तडक गाडीशी गेली. तिने बाटलीतले पाणी रुमालावर ओतून त्याच्या मानेवर ठेवले, उरलेले घोट घोट पाजले. मग ती माझ्याजवळ आली. तिने मला लाथ मारली नाही, शिवी दिली नाही. माझ्या पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवले, भाजले तरी ठेवले, आणि म्हणाली, “तू काय आहेस ते एकदा खरं सांग रे बाबा.”

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या दिवशी मी ते उघडले असते. पण मला दार होते. औषधविक्रेत्याच्या लाथेने कडी तुटलेले ते दार वाऱ्याने थोडे हलले आणि आतला पुठ्ठा पत्र्यावर वाजला. तिने खाली पाहिले. वाकून दार उघडले आणि फ्यूजचे दोन वर्षांपूर्वीचे, वेडेवाकडे, ठसठशीत अक्षर वाचले:

“मोठे तोंड बंद आहे. पंखा येईपर्यंत बंदच राहील. कचेरीच्या नोंदीवर जाऊ नये. डावीकडे साधे सॉकेट आहे, ते चालते. मी त्यावर चहा करतो. बाकी कशाला हात लावू नये, मरण येईल. वायरमन.”

तिने तो पुठ्ठा दोनदा वाचला. तिसऱ्यांदा शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचला. (विजेच्या पेटीत हात घालू नये, हे तुम्हांला शाळेत शिकवले आहे, तिने ते छत्तीस वर्षे स्वतः शिकवले होते. म्हणून तिने कोरडे हात पुन्हा पदराला पुसले, पायाखाली गाडीतले रबरी पायपुसणे घेतले, आणि पुठ्ठ्यावर लिहिले होते तेवढेच केले.) मग ती पळत गाडीच्या मागे गेली. सत्तराव्या वर्षी पळत. आणि दहा किलोचे लोढणे घेऊन आली.

माझ्या पोटातून दोन वर्षांनी वीज वाहिली. फार नव्हे. पूर्वी मी नदी देत असे, ही तांब्याची धार होती. पण गाडीतला गारवा तेवढ्यावर टिकत होता. आकडा सातवर अडला. खाली जाईना, वर येईना. तासभर सात. दुसऱ्या तासाला सात. ती भावाचे डोके मांडीवर घेऊन मागच्या आसनावर बसली होती आणि आकड्याकडे पाहत होती. परीक्षेच्या वर्गात शेवटच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेकडे पाहावे तशी. ऊन कलल्यावर आठ झाले.

तेव्हा तो जागा झाला. “ताई.”

“काय रे?”

“तुझं लोढणं बरंय.”

“गप पड.”

सूर्य गेल्यावर हवा निवली आणि आकडा भराभर चढू लागला. पहाटे गाडी ऐंशीवर होती. आठ नंबर गाठायला ते भरपूर होते. ती म्हणाली, “निघू या? आठच्या नोंदीची वेळ तर काही गाठता येणार नाही आता. पण दुपारपर्यंत पोचू.”

तो बाहेर येऊन माझ्या पायरीवर बसला होता. “शंभर होऊ दे,” तो म्हणाला. तिने केबल तशीच लागलेली राहू दिली. बोलली असती तर भावाला टोचले असते, आणि इतकी वर्षे वर्ग सांभाळलेल्या बाईला कुठे गप्प बसायचे ते कळते.

आठ वाजले. शंभर किलोमीटरहून लांब, त्या केंद्रात, कोणीतरी दुसऱ्याने शेवटची नोंद केली असेल. त्याने घड्याळ पाहिले. मग तो उठला, गाडीतून एक जुना तापमापक काढला, माझ्या सावलीत धरला आणि नेमाने थांबला. बोट ओले करून वाऱ्यात धरले. आकाश चारी बाजूंनी पाहिले.

“वही दे, ताई.”

तिने कोरे पान काढून दिले. त्याने लिहिले, आणि लिहिता लिहिता जुन्या सवयीने मोठ्याने उच्चारले:

“सकाळी आठ. थांबा क्रमांक सात. तापमान चौतीस. वारा समोरून, मध्यम. ढग नाहीत.” तो थांबला. माझ्याकडे पाहिले. “यंत्र बंद.”

मग खाली सही केली.

मित्रांनो, माझ्या उद्घाटनाला बँड होता. पण माझा सन्मान झाला तो त्या सकाळी.

निघण्यापूर्वी बहिणीने गाडीच्या अवजारांतला पेचकस घेतला आणि माझ्या छातीवर तो शब्द कोरला. शाईने लिहिला नाही, कोरला. हाताला फोड आले तेव्हा उरलेले टिंब भावाने दिले. पुठ्ठा तिने होता तसा आत टांगला. नऊ वाजता दोघे गेली. मी त्यांची धूळ दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, आणि मग नुसती जागा पाहिली.

तिने कचेरीला पत्र लिहिले असावे, कारण तीन आठवड्यांनी एक तपासनीस आला. दोन वर्षांतला कचेरीचा पहिला माणूस. तो ज्या गाडीतून आला ती डिझेलची होती. त्याने माझे दार उघडले नाही, माझी नळी हातात घेतली नाही. छातीवरच्या शब्दाचे मोजमाप घेतले, चार बाजूंनी फोटो काढले आणि आपल्या फोनमध्ये अहवाल सांगितला: “यंत्राच्या दर्शनी भागावर अनधिकृत शब्द कोरलेला आढळला. खोली दोन मिलिमीटर. थांबा चालू. शब्द काढण्याचे काम चालू आहे.” मग माझ्या कोरलेल्या अक्षरांवर हिरवा कागद चिकटवला आणि गेला.

तो कागद पंधरा दिवसांनी वाऱ्याने नेला. कोरलेल्या रेघांत मात्र वाळू भरली, आणि तो शब्द आता पूर्वीपेक्षा लांबून वाचता येतो. वारा इतका न्यायी असतो हे मला ठाऊक नव्हते.

आता माझ्याकडे कोणी थांबत नाही. मधे एक तरुण जोडपे फक्त तो शब्द पाहायला उतरले. त्यांच्या बोलण्यातून कळले, की आठ नंबरच्या भिंतीवर चौकटीच्या वहीतले एक पान डकवलेले आहे: मधे सात आहे, तो नाही असे धरा, शंभर भरा, सत्तरने चालवा, अगदीच अडलात तर दारातला पुठ्ठा वाचा. लोक ते पान वाचतात आणि मला वजा करून प्रवासाला निघतात.

माझी तुम्हांला एवढीच विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर एखादी वस्तू मोडलेली दिसली तर ती दुरुस्त करणे तुमच्या हाती असेलच असे नाही. पण मोडली आहे, एवढे सरळ लिहून ठेवणे तुमच्या हाती आहे. रकाना नसेल तर पुठ्ठ्यावर लिहा. मोडक्या वस्तूचीही अब्रू असते, आणि ती तिच्याविषयी खरे बोलण्याने राखली जाते.

परवा ती निळी मोटार परत आली. दुपारी, पलीकडून, वारा पाठीशी घेऊन. मी तिला फार लांबून ओळखले. बहीण चालवत होती, ताठ बसून, बरोबर सत्तरने. भावाच्या मांडीवर वही होती. अंगावर थोडे मांस चढले होते. माझ्याजवळ येताना वेग कमी झाला नाही. त्याने काच खाली करून हात बाहेर काढला, तिने दोनदा हॉर्न वाजवला, आणि गाडी न थांबता गेली.

अगदी बरोबर केले त्यांनी. मी तीन-तीनदा स्वतःला तसे सांगितले, आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे पाहत उभा राहिलो.